परत भराव टाकला नदीकाठी

आज परत तेच. सकाळी पुण्यात मुठा नदीकाठी चालायला गेले तर रात्रीतून दोन-तीन डंपर राडारोडा ओतलेला, फुटक्या टाइल्स, बेसिनचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, आणि त्याखाली ते वाळुंजाचं झाड अर्धं गाडलं गेलंय, ज्याच्या फांदीवर परवाच खंड्या बसलेला बघितला होता. डोकंच फिरलं माझं. दरवर्षी हेच, आधी भराव, मग पत्र्याचं शेड, मग पार्किंग, की झाली जागा गिळून. अरे, निळी पूररेषा ही पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द आहे, लाल शंभर वर्षांतल्या पुराची, ती जागा नदीचीच आहे! २०१३ मध्ये हरित लवादाने विठ्ठलवाडी ते वारजे नदीतल्या रस्त्याचा भराव काढायला लावला, जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं, तरी डंपर काही थांबत नाहीत.

नदी स्वच्छ ठेवायला मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं हवीतच, पण पावसात रस्त्यावरचं ऑइल, माती, कचरा वाहून येतो तो अडवणार कोण? काठावरचं गवत, झाडं, मोकळी माती हेच अडवतात ना, तिथं काँक्रीट ओतलं की सगळं थेट पात्रात.

आणि आम्ही पाण्यापर्यंत जायचं कुठून? आई सांगते तिच्या लहानपणी घाटावर पाय सोडून बसायचे सगळे. आज माझ्या लेकीला मी पुलाच्या जाळीतून नदी दाखवते. फोटो काढलेत, तक्रार टाकलीये, ही या वर्षातली चौथी.