‘मॅप तुटलेला आहे’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

“चार तासांतला निम्मा वेळ त्याच गडग्याभोवती फिरलो. मॅप तुटलेला आहे. कंदिलाचं रॉकेल पुरत नाही, पावसात काही दिसत नाही, सेव्ह उडाला, आणि एवढं करून शेवटी भूत अंगावरसुद्धा येत नाही. पैसे पाण्यात.” आमच्या गेमचा हा तुमचा रिव्ह्यू, तो बनवणाऱ्या आम्ही तिघांनीही वाचला. सोबत जोडलेला व्हिडिओही पाहिला, म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

आधी सेव्हचं, कारण तिथे आमच्याकडे बोलायला तोंड नाही. तुळशीवृंदावनापाशी दिवा लावला की गेम सेव्ह होतो. आम्ही नवा सेव्ह थेट जुन्या फाइलवरच लिहीत होतो. त्या क्षणी गेम बंद पडला, तर जुनंही गेलं आणि नवंही अर्धवट. आता आधी वेगळी फाइल पूर्ण लिहून होते, मगच ती जुनीची जागा घेते. हे पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं. तुमचा खेळ बुडाला याबद्दल मनापासून माफी. मोडलेली फाइल डिलीट केली नसेल तर आम्हाला पाठवा, बहुतेक दुरुस्त करता येईल.

मॅप मात्र तुटलेला नाही. तुम्हाला चकवा लागला होता.

पोफळीच्या आगरातून रात्री धावत सुटलं की वाट फिरून त्याच गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, आणून सोडते, हे आम्हीच तसं लिहिलंय. चकव्यावर गावातली जुनी माणसं एकच उपाय सांगायची: चालणं थांबव, आहेस तिथे बस, उजाडू दे. गेममध्येही तेच करायचं आहे. बसलात की कंदिलाची वात आपोआप बारीक होते, रॉकेल जवळजवळ जळतच नाही, आणि दीडेक मिनिटात कोंबडा आरवून वाट मोकळी होते. व्हिडिओत तुम्ही वात पूर्ण वर करून धावताय. रॉकेल तिथेच संपलं. तक्रारी दोन आहेत, पण दुखणं एकच.

आता प्रश्न हा की हे तुम्हाला कळावं कसं? सुरुवातीला ओटीवरची म्हातारी सांगते: “वाट चुकलंस तर धावां नको, थंयच बस. कोंबो आरावलो काय वाट गावतली.” पण ती बोलते मालवणीत, वर कौलांवर पाऊस धो धो कोसळतोय, आणि भाषा मराठी निवडली की सबटायटल बंद असतात. मराठी माणसाला मालवणी कळणारच असं आम्ही धरून चाललो. आमचा सिंधुदुर्गी माज म्हणा हवं तर. तुम्ही नागपूरहून खेळताय. तुमच्या कानावर नुसती कुरकुर पडली असणार. पुढच्या अपडेटपासून सबटायटल सुरूच असतील, तेही प्रमाण मराठीत, आणि तिसऱ्यांदा त्याच गडग्याला आलात की म्हातारीचं वाक्य पुन्हा ऐकू येईल. रॉकेल मात्र वाढवणार नाही. कंदील रात्रभर पुरला तर मग बसायचं कशाला?

पाऊस ‘ग्राफिक्सचा आळस झाकायला’ आहे, हे अर्धं खरं आहे. साध्या लॅपटॉपवर लांबवरची झाडं दाखवणं परवडत नाही, म्हणून सरींचा पडदा घातला. १९९९ साली ‘सायलेंट हिल’नं पहिल्या प्लेस्टेशनची मर्यादा धुक्याआड लपवली होती, त्याच वाटेनं आम्ही गेलो. फक्त आमच्याकडे धुक्याऐवजी जुलैचा पाऊस होता, आणि तो कोकणात वेगळा शोधावा लागत नाही.

राहिलं भूत. तुम्ही ज्याला भूत म्हणताय तो राखणदार आहे. दक्षिण कोकणात आणि गोव्यात मानतात की देवचार रात्री गावाची शीव राखत फिरतो, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक नव्या ठेवतात. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीला वेतोबाच्या, म्हणजे तिथल्या अशाच राखणदार देवाच्या, देवळात जा; माणसाच्या पायात कधी होणार नाहीत एवढ्या मोठ्या चामड्याच्या वहाणा नवसाच्या म्हणून वाहिलेल्या दिसतील. अशाला शेवटच्या लढाईत बंदुकीनं मारायचं, हे आम्हाला जमणार नाही. गावी तोंड दाखवायचंय. माजघरातल्या फडताळात वहाणांचा जोड मिळतो, तो शिवेवर ठेवला की राखणदार कंदील नसतानाही तुम्हाला सड्यापलीकडे, म्हणजे कातळाच्या माळापलीकडे, पोचवतो. व्हिडिओत दुसऱ्या तासाला तुम्ही तो जोड टाकून त्या जागी काडेपेट्या उचलल्या. पिशवीत जागा कमी, निवड तुमची, त्यात चूक काही नाही. पण मग मागून नुसता वहाणांचा आवाज येत राहतो, आणि शेवट तुम्हाला दिसला तसा कोरडा होतो. हा भाग आम्ही बदलणार नाही.

पैसे परत करणं विक्री करणाऱ्या दुकानाच्या हातात असतं. आमच्याकडे तसं बटणच नाही.

अपडेट तयार आहे, तपासणी संपली की येईल. आणि म्हातारीचा आवाज ‘कॉम्प्युटरनं बनवलेला, भाव नसलेला’ वाटतो असं तुम्ही लिहिलंय. तो माझ्या आत्याचा आहे. पडवीत बसून, एकीकडे सुपारी कातरत तिनं ती वाक्यं म्हटली होती. तिला तुमचा रिव्ह्यू अजून वाचून दाखवलेला नाही.