"द्या काय द्यायचं ते"

आज दुपारी साडेबाराला भाच्याचा फोन. आवाज दबका, जिन्यात उभं राहून बोलत होता. "मामा, काम झालं. किती सांगू?"

काम झाल्यावर विचारतोय! डोकंच फिरलं माझं.

पोरानं नाशिकमध्ये सातपूरच्या आयटीआयमधून प्लंबरचा एक वर्षाचा कोर्स केलाय, दोन वर्षं साइटवर हजेरीनं, म्हणजे रोजंदारीवर राबलाय. आजचं त्याचं पहिलं प्रायव्हेट काम. गंगापूर रोडला एका रिटायर साहेबांकडे बेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे पाणी बंद करायचा छोटा नळ, बदलायचा होता. लाइन जुनी, जीआयची, म्हणजे लोखंडी पाइपची. पाना लावला आणि कॉकचा आटा, म्हणजे पेचाचा भाग, भिंतीतच तुटून बसला. ज्यांना हे काम माहीत आहे त्यांच्या पोटात इथेच गोळा आला असेल. पोरानं हॅक्सॉच्या ब्लेडला फडकं गुंडाळलं, आतला तुकडा बारीक बारीक कापला आणि छिन्नीनं अलगद आत दाबून काढला. दीड तास गेला. टाइलला चरा नाही, मागच्या फिटिंगचे आटे शाबूत. त्याआधी गच्चीवरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नव्हता, ती झटापट वेगळीच.

मी म्हटलं, 800 सांग. सांगितले. साहेब म्हणाले, "अर्ध्या तासाच्या कामाचे 800?" आणि आमचे चिरंजीव लगेच, "बरं, तुम्हीच द्या काय द्यायचं ते." मिळाले 300.

हे वाक्य मी ओळखतो. माझंच आहे ते.

2003 साल. सिडकोत एका बाईंच्या घरी टाकीपासून बाथरूमपर्यंत लाइन बदलायची होती. माझं पहिलं काम. पाइपला आटे पाडायची डाय भाड्यानं आणली, दिवसाला 50. दोन दिवस आटे पाडले, सांधे गळू नयेत म्हणून लावायचं सफेदा-सूत स्वतःच्या खिशातून घेतलं, 20 रुपयांचं. शेवटी बाईंनी विचारलं, किती झाले? मी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हटलं, द्या काय द्यायचं ते. त्यांनी 150 दिले आणि डबाभर शिरा. डायचे 100 गेले, सफेद्याचे 20. दोन दिवसांची कमाई 30 रुपये आणि शिरा.

आता हिशोब ऐका, सगळेच ऐका. प्लंबर कॉक फिरवायला येतो तेवढाच वेळ तुम्ही मोजता. आदल्या दिवशी बघायला आला, ते पेट्रोल कोणाचं? हार्डवेअरच्या दुकानात दोन चकरा झाल्या, त्या? साइटवर रोज हजेरी पडते, प्रायव्हेट काम आठवड्यात तीन दिवस असतं, उरलेले दिवस घर कशावर चालतं? आणि महिन्याभरात थेंब जरी गळला तरी तुम्ही हक्कानं बोलावणार, तो फुकट येणार. तीही मजुरीच. डॉक्टर दोन मिनिटं नाडी बघतो तेव्हा घड्याळ लावता का?

हो, आमच्यातले काही लबाड असतात. ॲडव्हान्स घेऊन फोन बंद करतात. मान्य. दुकानदाराकडून कमिशन खातात, तेही मान्य. मीही खाल्लंय. पण का खाल्लं? मजुरीत 300 कापले की ते मटेरियलमध्ये निघतात, साहेब. दहाचा एल्बो, म्हणजे पाइपच्या वळणाचा जोड, तुम्हाला पंधराला पडतो आणि तुम्ही खूश, की प्लंबर स्वस्तात मिळाला!

असो. राग खरं तर साहेबांवर कमी आहे. सिडकोतल्या त्या बाईसुद्धा वाईट नव्हत्या. शिरा साजूक तुपातला होता, आजही आठवतो. त्यांना आकडा माहीत नव्हता आणि मला तो तोंडातून काढता येत नव्हता. हातात कला असलेल्या पोराला पैसे मागताना चोरी केल्यासारखं का वाटावं? आमच्या घरात कुणी शिकवलंच नाही. साइटवर तर मुकादम ठरवतो, आपण अंगठा उठवायचा.

म्हणून संध्याकाळी घरी बोलावला. ओरडणार होतो, पण हाताला ब्लेडचे दोन काप होते, बायकोनं हळद लावली, मग ओरडायचं राहिलं. वही दिली. म्हटलं, आधी बघायचं, वहीत लिहायचं, आकडा सांगायचा, मगच पाना काढायचा. जुनी जीआय असेल तर 'आत आटा तुटला तर इतके जादा' हेसुद्धा आधीच. आणि घासाघीस झालीच तर काम कमी करायचं, पैसे नाही.

मान हलवत होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तेच साहेब! "तुझं काम स्वच्छ आहे रे, गीझरची लाइन पण बघून जा." पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. मी मुद्दाम टीव्हीकडे बघितलं. "उद्या बघायला येतो काका, बघून आकडा सांगतो," म्हणाला. आवाज जरा कापत होता, पण म्हणाला.

आणि भाच्या, वाचत असशील तर माझा 14 इंची पाना सकाळी आठच्या आत आणून दे. मलाही काम आहे.