गंजासकट किती देणार?

गोव्यात लोखंडाची वस्तू माळ्यावर ठेवायची म्हणजे ती पावसाच्या नावावर करून द्यायची. वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पडणारा आमचा पाऊस कौलांतून न गळताही घरात शिरतो आणि लोखंड हुडकत फिरतो. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आलेली, गणपतीच्या डोक्यावर फळे-पाने टांगायच्या माटोळीचा एक वासा बदलायचा होता. हत्यार शोधायला माळ्यावर चढलो तर पणजोबांची करवत हाती लागली. करवत गंजली होती असे म्हणवत नाही, गंजालाच दात फुटले होते.

"फेकू नकोस रे!" मामा खालून ओरडले. "पाकल्यांच्या काळातली आहे ती. लाखाच्या घरात जाईल."

मामांना कुठलीही जुनी वस्तू १९६१ पूर्वीची, म्हणजे पाकल्यांच्या (पोर्तुगिजांच्या) राजवटीतली वाटते आणि १९६१ पूर्वीची कुठलीही वस्तू लाखाची. ते स्वतः १९५८ चे आहेत, पण त्यांचा भाव अजून कोणी विचारलेला नाही.

जुनी करवत ओळखायची ती मुठीवरच्या पितळी बिल्ल्यावरून, असे मोबाईलवर वाचले. हेन्री डिस्टन नावाच्या गृहस्थाने १८४० मध्ये फिलाडेल्फियात करवतींचा धंदा सुरू केला. १८६५ मध्ये मुलगा भागीदार झाल्यावर कंपनीच्या नावात 'अँड सन' आले, १८७१ पासून 'अँड सन्स'. म्हणजे शेवटच्या एका 'स'वरून करवतीचे वय निघते. आमच्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरून एवढी स्वच्छ वंशावळ आजवर निघालेली नाही.

मोठ्या आशेने बिल्ल्यावर लिंबू चोळले. अक्षरे उमटली, 'वॉरंटेड सुपीरियर'. घरात आनंदीआनंद. पुढे वाचले, तर हा बिल्ला म्हणे कितीतरी कारखानदार आपल्या साध्या मालावर, स्वतःचे नाव न घालता, ठोकून देत. माल उत्तम असल्याची हमी पक्की, फक्त ती देतो कोण हे गुलदस्त्यात. बिल्ल्याच्या मधोमध एक पक्षी होता.

"कोंबडा!" मामा म्हणाले. "पोर्तुगालातल्या बार्सेलोसचा! पणजीच्या दुकानांत असतो तोच."

"मामा, गरुड आहे. अमेरिकेचा."

"गरुडाला तुरा असतो?"

तुरा म्हणजे पितळेवर चढलेला कळंक होता. तो खरवडायची परवानगी मला मिळाली नाही.

पात्याच्या वरच्या कडेला, टोकाजवळ, एक इवलासा उंचवटा असतो. तो कशासाठी, यावर ओसरीत सगळी संध्याकाळ गेली. मामांच्या मते खिळा उपटायला, शेजारच्या भाटकारांच्या मते दोरी अडकवायला. खुद्द डिस्टन कंपनीने तो निव्वळ शोभेचा असल्याचे लिहून ठेवले आहे, पण हे कोणाला पटले नाही. शोभेपुरते कोणी असते हे आमच्या ओसरीत, का कोण जाणे, मान्यच होत नाही.

मग दुरुस्ती. आई म्हणाली, "बिंबले चोळ." मी हसलो, पण बिंबलाच्या आंबट फळात ऑक्झॅलिक आम्ल असते आणि गंज त्याने खरोखर सुटतो. राहिलेला गंज लाकडाच्या ठोकळ्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून, रॉकेल लावून, हलक्या हाताने काढला. पात्यावर कारखान्याचे नाव आम्लाने वरवर कोरलेले असते, खरखरीत कागद फिरवला की नाव जाते आणि नावाबरोबर किंमतही. आमच्या पात्यावर नाव निघालेच नाही. मुठीजवळ फक्त '५' असा आकडा निघाला. एका इंचात दातांची टोके पाच, असा त्याचा अर्थ. इंचाच्या दोन्ही कडांवरची टोके धरून मोजतात, म्हणून पूर्ण दात भरतात चारच. मामांनी पट्टी लावून मोजले आणि पाचवा दात मी घासून घालवला असा निष्कर्ष काढला.

मुठीला काजूच्या टरफलाचे तेल लाव, वाळवी फिरकणार नाही, हा सल्ला आत्याचा. वाळवी फिरकत नाही हे खरे, पण हाताची कातडीही जागेवर राहत नाही. मी जवसाचे तेल लावले.

चकाकत्या करवतीचे फोटो जुन्या वस्तूंच्या एका दुकानदाराला पाठवले. त्याचा लगेच फोन आला. "गंज कुठे गेला?"

"काढला."

"अरेरे! किनाऱ्यावरच्या कॅफेवाल्यांना भिंतीवर लावायला गंजकीच हवी असते हो. आता फार तर तीनशे. आधीचा फोटो आहे का?"

शेवटी मेस्ताला, म्हणजे सुताराला, बोलावले. त्याने पाते वाकवून सोडले, एका डोळ्याने दातांच्या रांगेवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "करवत बरी आसा. पूण ही चिरपाची. तुका जाय ती आडवें कापपाची."

दात पटाशीसारखे सरळ घासलेले असले तर करवत लाकूड रेषेच्या दिशेने चिरते. आडवे कापायचे तर दाताची धार तिरकी लागते, नाहीतर लाकूड कापले न जाता पिंजते. वासा मेस्ताने स्कूटरच्या डिकीतून काढलेल्या विजेच्या करवतीने घटकेत कापला आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत. जुने दात घासून टाकून, तिकोनी कानशीने नवे पाडून, एक डावीकडे एक उजवीकडे वाकवून द्यायचे मात्र पाचशे सांगितले, तेही चवथ झाल्यावर.

मी मामांना आकडा सांगितला.

"बघ," मामा म्हणाले, "वाढायला लागली किंमत."