दारावरची पोरं आणि आपला धर्मांतराचा वाद

आमच्या फॅमिली ग्रुपवर धर्मांतराचा विषय अधूनमधून पेटतोच, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा कसा आणायचा हे बघायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली तेव्हापासून जरा जास्तच. नाशिकचे मामा एका बाजूला, पुण्यातली मावसबहीण दुसऱ्या बाजूला, बाकीचे अंगठा दाखवून गप्प. मामांचं म्हणणं सरळ आहे, सुरगाणा-पेठकडच्या पाड्यांवर लोक जातात, दवाखाना, शाळा, तांदूळ दाखवतात आणि धर्म बदलून घेतात, हे थांबलंच पाहिजे. बहीण म्हणते घटनेचं कलम २५ वाचा, त्यात धर्म पाळण्याबरोबर प्रचार करायचाही हक्क दिलाय. मग मामा सुप्रीम कोर्टाचा १९७७ चा स्टॅनिस्लॉस केसचा निकाल टाकतात, की प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नव्हे. मग कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं आणि तेवढ्यापुरतं संपतं.

मी मधे तोंड घातलं की ठरलेलं उत्तर येतं, तू तिकडे ओहायोत बसून आम्हाला अक्कल शिकवू नकोस. ठीक आहे. पण ओहायोत बसल्यामुळेच मला एक गोष्ट अगदी जवळून बघायला मिळाली, आणि मामा ज्याच्याबद्दल एवढं बोलतात तो धर्मप्रचारक, नवाकोरा, ट्रेनिंग सेंटरमधून नुकताच बाहेर पडलेला, माझ्या दारात उभा असलेला बघितल्यापासून मला हा सगळा वादच थोडा तिरका दिसायला लागलाय.

आम्ही क्लीव्हलँडच्या एका सबर्बमध्ये राहतो. इथे मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतच जन्मलेल्या एका ख्रिस्ती पंथाचे, मिशनरी दिसणं नवलाचं नाही, पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी, कायम दोघं. हिवाळ्यात आला तो मुलगा आयडाहोचा, म्हणजे बटाट्यांच्या राज्यातला, वय अठरा, पाटीवर एल्डर (मुलगे मिशनरींना असंच म्हणतात) आणि पुढे आडनाव. बरोबर विशीचा दुसरा, तो त्याचा ट्रेनर. ट्रेनर बोलत होता आणि हा पाठ केलेलं वाक्य कधी म्हणायचं याची वाट बघत उभा होता, ते म्हणताना मधेच अडकला, कान लाल झाले, ट्रेनरनं सांभाळून घेतलं. मी ऑफिसात होतो, बायको एकटीच घरी होती. थंडी भयंकर, म्हणून तिनं आत या म्हटलं तर दोघंही आत येईनात. नियम असा की बाई घरात एकटी असेल तर आत पाऊल टाकायचं नाही. मग पोर्चवर उभं राहूनच बोलले. चहा विचारला, तोही नको, त्यांना चहा-कॉफी दोन्ही वर्ज्य. दारू-सिगरेट तर नाहीच. शेवटी गरम पाणी दिलं आणि डब्यातल्या चकल्या. संध्याकाळी बायको मला म्हणाली, धर्माचं राहू दे बाजूला, त्या पोराला हातमोजे घ्यायला पाहिजेत कोणीतरी.

नंतर ते बरेचदा आले, मी घरी असताना. आम्ही पहिल्याच वेळी स्पष्ट सांगितलं होतं की आम्ही चर्चला येणार नाही, तरी गप्पा चालतात म्हटल्यावर त्यांनाही बरं वाटलं असावं. त्यातून कळत गेलं ते असं. मुलांनी दोन वर्षं मिशनला, म्हणजे प्रचाराला जायचं, मुलींना दीड. २०१२ मध्ये वयाची अट मुलांसाठी एकोणीसवरून अठरावर आणली, त्यामुळे आता बरेचसे हायस्कूल संपलं की लगेच निघतात. कुठे जायचं ते आपण ठरवायचं नाही, सॉल्ट लेक सिटीहून, म्हणजे चर्चच्या मुख्यालयातून, नेमणूक येते, घरचे सगळे जमतात आणि सगळ्यांसमोर ती वाचायची. कोणाला ब्राझील, कोणाला जपान, याला क्लीव्हलँड. (वाचल्यावर धाकट्या भावाचं तोंड उतरलं म्हणे, त्याला पेंग्विन असलेला देश पाहिजे होता.) युटामधल्या प्रोव्होला तीनेक आठवड्यांचं ट्रेनिंग, नवी भाषा शिकायची असेल तर जास्त. आणि हे सगळं स्वखर्चानं, २०२० पासून महिन्याला पाचशे डॉलर घरच्यांनी किंवा मुलानं स्वतः साठवून भरायचे. पगार नाही.

साडेसहाला उठायचं, साडेदहाला झोपायचं. जोडीदारापासून नजरेआड व्हायचं नाही, बाथरूम सोडून. पोहायचं नाही, पिक्चर नाही, मुलींना भेटणं वगैरे तर विसराच. आठवड्यातला एक दिवस मोकळा, त्यात कपडे धुवायचे, किराणा आणायचा, केस कापायचे आणि घरी फोन करायचा. हा आठवड्याचा फोनसुद्धा २०१९ पासून सुरू झाला, त्याआधी फोन फक्त ख्रिसमसला आणि मदर्स डेला. त्यातला फोनचा भाग सांगताना ट्रेनर हसला, हा नाही हसला. रात्रीची जेवणं बरीचशी चर्चच्या सभासदांकडे, आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे, म्हणजे आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे तसंच थेट. आणि सहा-सहा आठवड्यांनी बदल्या, ट्रेनरशी जरा सूर जुळतोय तोवर दुसराच कोणीतरी येऊ शकतो.

या पहिल्या आठवड्यांत त्याच्या वाट्याला मुख्यतः काय आलं असेल तर नकार. दार उघडून बंद, दार न उघडणं, खिडकीचा पडदा हलणं आणि मग टीव्हीचा आवाज कमी होणं, एका घरी कुत्रं सोडलं, एका म्हातारबाबांनी तासभर बसवून स्वतःच्याच बाप्टिस्ट चर्चचं प्रवचन ऐकवलं. मी विचारलं, आतापर्यंत कोणी हो म्हटलंय? तो म्हणाला एक बाई म्हणाल्या होत्या पुढच्या मंगळवारी या, गेलो तर त्या घरात नव्हत्या. हे सांगताना त्याचा आवाज जरा फाटलाच.

आता मामांच्या भाषेत ही बलाढ्य परकीय यंत्रणा. आणि ती आहेच, उगाच भाबडेपणा नको. चर्चचा पैसा अफाट आहे, सभासद उत्पन्नाचा दहावा हिस्सा देतात, आणि २०२३ मध्ये गुंतवणुकीचा तपशील लपवल्याबद्दल इथल्या शेअर बाजार नियामकानं चर्च आणि त्यांची गुंतवणूक कंपनी मिळून पन्नास लाख डॉलरचा दंड केला. काळ्या पुरुषांना १९७८ पर्यंत पुरोहितपद नव्हतं. यातलं बरंचसं मी त्या ट्रेनरला तोंडावर बोललोय, त्यानं ऐकून घेतलं आणि पुस्तक पुढे केलं. पण यंत्रणा सॉल्ट लेकला, माझ्या दारात जो होता तो घर आठवून गलबललेला एक पोरगा होता, आणि सगळी ताकद माझ्याकडे होती. घर माझं, दार माझं, हो-नाही म्हणायचं माझ्या हातात. उलट त्याचाच विचार केला तर, आजोबा मिशनला गेले, बाप गेला, मोठा भाऊ गेला, गावात सगळेच जातात, अर्ध्यातून परत आलेल्याकडे लोक कसे बघतात ते त्यानंच सांगितलं, तर यात त्यानं स्वतः किती ठरवलं? सक्ती-दबाव हे शब्द वापरायचेच असतील तर उंबरठ्याच्या बाहेरच्या बाजूलाही वापरावे लागतील, आणि त्याच्यावरच्या दबावासाठी जगात कुठलाच कायदा नाही, असूही नये.

इथला कायदा दाराच्या बाबतीत फार साधा आहे. ओहायोतल्याच स्ट्रदर्स गावानं घरोघर जाऊन पत्रकं वाटायला बंदी घातली होती, यहोवाज विटनेस या घरोघर प्रचार करणाऱ्या दुसऱ्या पंथाच्या एका बाईंना दहा डॉलर दंड झाला, १९४३ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो गावचा नियम रद्द केला, कारण काय तर ऐकायचं की हाकलायचं हे घरमालकानं ठरवावं, गावानं त्याच्या वतीनं ठरवू नये. २००२ मध्ये पुन्हा ओहायोचंच स्ट्रॅटन, तीनशेही वस्ती नाही, तिथे दार वाजवण्याआधी परमिट घ्या असा नियम, तोही कोर्टानं आठ विरुद्ध एक असा उडवला. नको असेल तर दारावर पाटी लावा, विषय संपला.

हे अमेरिकन लोक जन्मतःच उदार असतात म्हणून झालं असं कोणी समजू नये. आमच्यापासून तासाभराच्या आतबाहेर हायरम आहे, तिथे १८३२ मध्ये जमावानं मॉर्मनांचा संस्थापक जोसेफ स्मिथ याला रात्री घरातून ओढून डांबर आणि पिसं फासली. कर्टलंडला त्यांनी पहिलं मंदिर बांधलं आणि दोन वर्षांत तिथून पळ काढावा लागला. मिझुरीच्या गव्हर्नरनं तर १८३८ मध्ये यांना राज्यातून हाकला नाहीतर संपवा असा हुकूमच काढला होता, तो रीतसर मागे घेतला १९७६ मध्ये. स्मिथला १८४४ मध्ये तुरुंगात घुसून मारलं. त्या काळच्या लोकांचे आरोप वाचले तर मामांच्या मेसेजसारखेच, भोळ्या लोकांना नादी लावतात, घरं फोडतात, एकगठ्ठा मतं देतात.

आणि हो, ही मंडळी आपल्याकडेही येऊन गेलीयत. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन मिशनरी मुंबईला उतरून पुण्यापर्यंत पोचला होता. हाती फारसं काही लागलं नाही, त्याला अडथळे जास्त आणले ते इंग्रज पाद्री आणि कँटॉन्मेंटवाल्यांनी. पुणेकरांनी काय उत्तरं दिली असतील याची कल्पना करून मी बराच वेळ हसलो.

मामांचा खरा मुद्दा मात्र मला टाळता येत नाही. माझ्या दारात मला नाही म्हणायला काही किंमत पडत नाही. पाड्यावरच्या ज्या बाईचं पोर तापानं फणफणलंय आणि सरकारी दवाखान्याला कुलूप आहे, तिच्यासमोर औषधाबरोबर प्रार्थना आली तर तिचं नाही माझ्या नाहीइतकं स्वस्त नाही. हे खरंय. पण मग त्याचं उत्तर दवाखान्याचं कुलूप काढणं आहे ना, ग्रुपवर त्यावर कोणी बोलत नाही. फसवणूक, धमकी, जबरदस्ती यांना शिक्षा आजच्या कायद्यातही आहे. नवीन काय असतं ते उत्तर प्रदेशच्या कायद्यात बघा, धर्म बदलायच्या साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं, मग चौकशी. म्हणजे वयात आलेल्या माणसाला आपल्या मनाचं ऑफिसात जाऊन स्पष्टीकरण द्यायचं. मी मामांना विचारलं, तुमच्याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी १९३५ मध्ये सांगितलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी दीक्षा घेतली, त्यांनी सगळ्यांनी कलेक्टर कचेरीत रांग लावायला हवी होती का? मामा म्हणाले ते वेगळं. मी म्हटलं कसं वेगळं ते लिहा. तिथे फूल आलं.

मला इथल्या आमच्या लोकांचीही गंमत वाटते. आमचं मंडळ सार्वजनिक पार्कमध्ये गणपती बसवतं, ढोल वाजवतं, शेजारच्या गोऱ्यांना मोदक देऊन गणपतीची गोष्ट सांगतं, डाउनटाउनला इस्कॉनवाले पुस्तकं वाटतात, आणि याच मंडळातले अर्धे लोक तिकडच्या कायद्याचे फॉरवर्ड सगळ्यात आधी पाठवतात. ज्या निकालांच्या जिवावर आपण इथे पत्रकं वाटतो ते निकाल यहोवाज विटनेसनं लढून मिळवलेत, ज्यांना आपण स्वतः दारातून हाकलतो.

मामांचा शेवटचा बाण असतो, उद्या तुझी मुलगी म्हणाली मी मॉर्मन होते, तर? प्रश्न हवेतला नाही, तिच्या वर्गात एक मॉर्मन मुलगी आहे, चांगली मैत्री आहे, त्यांच्या चर्चच्या मुलांबरोबर ही दोनदा बोलिंगला जाऊन आलीय. तर मामा, वाईट वाटेल. खूप भांडेन तिच्याशी, त्या दंडाचं सांगेन, १९७८ चं सांगेन, आजीची शपथ घालेन, बायको तर आठवडाभर बोलायची नाही. अठरा पूर्ण झाल्यावरही तिनं तेच ठरवलं तर तिचं तिनं ठरवलं. जिल्हाधिकारी त्यात मला कुठेच नकोय.