शंभरपैकी एकोणचाळीस

माझ्या वहीत एका परक्या माणसाने लाल शाईने गुण दिलेत. शंभरपैकी एकोणचाळीस. खाली सही, तारीख आणि सहीखाली दोन रेघा. वही आत्ता समोर उघडी आहे आणि माझं डोकं अजून निवलेलं नाही.

वही साधीच. घरखर्चाच्या वहीची शेवटची पानं कोरी राहायची, तिथे महिनाअखेरीला काय वाचलं, काय पाहिलं, काय खाल्लं आणि कशाने बरं वाटलं ते मी टिपून ठेवते. कुणाला दाखवायला नाही. दाखवायचं असतं तर अक्षर बरं काढलं असतं.

तर जुलैची अखेर, पणजीत पाऊस, ऑफिस सुटलेलं. म्हापशाच्या बसची रांग पाहून मी मागे फिरले आणि चहाला एका हॉटेलात शिरले. आमच्याकडच्या जुन्या हॉटेलांत टेबल कुणाच्या मालकीचं नसतं. तुमची असते ती खुर्ची, समोर कोण बसणार ते वेटर ठरवतो. त्याने माझ्यासमोर आणून बसवले ते सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. पांढरा बुशशर्ट, खिशाला निळं, काळं आणि लाल अशी तीन पेनं, हातात निथळणारी छत्री. ती त्यांनी माझ्या पिशवीला टेकवून उभी केली.

"एक बन, एक पातळ भाजी," त्यांनी वेटरला सांगितलं. "पूण चड पातळ नाका."

मी खाली मान घालून लिहीत राहिले. वही त्यांच्या बाजूने उलटी होती, म्हणून मी निर्धास्त. पण जन्मभर बाकांमधून फिरलेल्या मास्तरांना उलटं वाचता येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"कितें बरयता गो बाय?"

"काही नाही काका, सहज."

"मराठी दिसतं. बरं आहे. फेरीबोटीतला री दीर्घ."

मी री दीर्घ केला. तिथेच वही मिटून पिशवीत टाकायला हवी होती, पण पिशवीवर त्यांची छत्री होती.

"'म्हापशाच्या बसला खिडकीची सीट मिळाली'," त्यांनी मोठ्याने वाचलं. शेजारच्या टेबलावर मिरची भजी खाणारे दोघे वळून बघायला लागले. "मग? पुढे काय झालं?"

"पुढे काही नाही. सीट मिळाली, एवढंच."

"ह्यात सुख कुठे आहे?"

आता त्यांना काय सांगायचं? जुलैत संध्याकाळी पणजीहून सुटणारी खाजगी बस म्हणजे काय, ते तीत उभं राहिलेल्यालाच कळतं. खिडक्या पावसामुळे बंद, प्रत्येकाच्या हातात ओली छत्री, ती दुसऱ्याच्या पोटरीला लागलेली. कंडक्टर दारात लोंबकळत "फाटीं वच, फाटीं वच" म्हणून ओरडत असतो. मागे जायला जागा असती तर आम्ही काय हौस म्हणून त्याच्या काखेत उभे राहिलो असतो? सुट्टे मागतो, सुट्टे दिले की मोजून घेतो आणि आपल्याला परत द्यायची वेळ आली की पर्वरीपर्यंत विसरतो. त्यात रस्ता कुठे, कशासाठी खणलाय ते खणणाऱ्यालाही माहीत नसतं. अशा बसमध्ये खिडकी मिळाली, काचेला डोकं टेकलं आणि मांडवीवरून जाताना कुणाचं कोपर न खाता पाणी दिसलं, तर ते मी लिहिणारच. जाड अक्षरात लिहिणार.

यातलं मी थोडंसं बोलले असेन. काकांनी बनचा तुकडा भाजीत बुडवला.

"ही गैरसोय टळली, बाय. सुख वेगळं."

"वेगळं म्हणजे?"

"१९८६ साली मांडवीचा पूल पडला. ५ जुलै. तू तेव्हा लहान असशील. पलीकडे जायला फेरीबोट. बेतीच्या धक्क्यावर ही रांग! पावसात तास तास उभे. पण काय मजा यायची सांगू? गप्पा, ओळखी. एकाचं लग्न जमलं त्या रांगेत."

म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी पावसात ताटकळले ते सुख आणि आज मला बसायला मिळालं ती नुसती गैरसोय टळली. हा न्याय मला कळला नाही. त्या रांगेत जमलेलं लग्न टिकलं का, हे विचारायचं तोंडावर आलं होतं, पण तोवर ते पुढच्या ओळीवर गेले होते.

पुढची ओळ पुस्तकाची होती. सेंट्रल लायब्ररी माझा जुना विसावा. पोर्तुगिजांनी १८३२ साली सुरू केलेली ही लायब्ररी आता कृष्णदास शामांच्या नावाने पाटोवर मोठ्या इमारतीत आहे, आणि दुपारच्या सुट्टीत पाय उचलले तर पुस्तक बदलून वेळेत परतता येतं. या महिन्यात आणलेल्या जुन्या प्रवासवर्णनात आधीच्या कुणा वाचकाने समासात पेन्सिलीने शेरे मारले होते. "खोटं." "असं नसतं." "मी स्वतः गेलो आहे." दर पानाला एक तरी. आणि पुस्तक अर्ध्यावर आलं की शेरे एकाएकी बंद. त्याला लेखक पटायला लागला, पेन्सिल संपली, की माणूसच संपला, या विचारात मी मूळ पुस्तकापेक्षा जास्त रमले. वहीत मी तेच लिहिलं होतं.

"लायब्ररीच्या पुस्तकावर लिहिणं गुन्हा आहे," काका म्हणाले. मग जरा थांबून, "कुठलं पुस्तक?" नाव सांगितल्यावर ते छताच्या पंख्याकडे बघायला लागले. मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. मला काहीही सिद्ध करता येणार नाही.

सिनेमावर तर ते चिडलेच. मी लिहिलं होतं: "दुपारचा खेळ. थिएटर गार, बाहेर पाऊस. मध्यंतरापर्यंत गाढ झोप लागली. पैसे वसूल."

"कथा काय होती?"

"आठवत नाही. झोपले होते."

"तिकीट काढून?"

"घरी झोपू देतं कोण?"

त्यांनी हात जोडले. मग ऐकवलं की २००४पासून इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत आहे, तेव्हापासून दर नोव्हेंबरला ते गळ्यात पास अडकवून इराणी सिनेमे बघतात आणि एकदाही डोळा लागलेला नाही. मी मनात म्हटलं, नोव्हेंबरात गळ्यात पट्टा बांधून फिरणाऱ्यांत रांगेत पुढे घुसणारे पेन्शनरच जास्त असतात. तरुण मुलं बिचारी पायऱ्यांवर बसून बघतात.

"बरं, तुमची सुखं सांगा," मी म्हटलं. कारण माझा चहा गार झाला होता आणि सूड घ्यायला दुसरं काही हाताशी नव्हतं.

काका सावरून बसले. सकाळी उठल्यावर चहा येतो. पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों पों वाजला की गरम उंडे पाव येतात. दहाला पेज, वर आंब्याचं मिसकूट लोणचं. मासेबंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणून सध्या सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर, कांदा बारीक चिरलेला, खोबरं ताजं. कुणी नदीतली शेवटाळी मासळी आणून दिली तर हुमण, म्हणजे कालवण. दुपारी झोप, वर चादर. संध्याकाळी मुलगा गाडीने पणजीत सोडतो, हॉटेलात येऊन चार माणसांशी बोलणं होतं. श्रावणात वास्कोचा सप्ताह, तिथे रात्रभर भजन.

"खोबरं कोण किसतं?"

"ती असते की घरात."

"आणि तिची सुखं?"

"ती?" काकांनी खरोखर विचार केला. भजीवाल्या दोघांनी खाणं थांबवलं. "ती मजेत असते."

मला माझ्या यादीतली तायकिळ्याची ओळ दाखवावीशी वाटली. तायकिळा पावसात फुकट उगवतो, पण त्याचं एकेक पान खुडत बसायला फुकटचं माणूस लागतं. या महिन्यात शेजारणीने निवडून, धुऊन, चिरून जुडी हातात दिली. मी फक्त फोडणीला टाकली, वर खोबरं. त्या दिवशी जेवताना मला भरून आलं होतं. पण ज्याच्या पानात सगळं चालत येतं, त्याला निवडलेली भाजी हातात मिळण्यातलं काय सांगणार? हा माणूस वाईट नाही. असे माझ्या माहेरी तीन आहेत आणि सासरी त्याहून जास्त.

एवढ्यात त्यांनी वही आपल्याकडे फिरवली, लाल पेनाचं टोपण काढलं आणि हिशेब मांडला. वाचन १५. सिनेमा ०. आहार १४. इतर १०. बेरीज करून गोल केला, शेजारी "प्रयत्न बरा" लिहिलं आणि सही ठोकली. मी "अहो" म्हणेपर्यंत त्यांचा फोन वाजला. मुलगा गाडी रस्त्यातच उभी करून होता, मागची वाहनं भोंगे वाजवत होती. ते उठले, छत्री उचलली, तिचं उरलेलं पाणी माझ्या पिशवीत निथळलं आणि काका गेले.

वेटरने बिल आणलं. दोन चहा, एक बन, एक पातळ भाजी. दुसरा चहा त्यांनी कधी मागवला ते मला आजतागायत कळलेलं नाही.

"हे माझं नव्हे," मी म्हटलं.

"तुमचे बाबा म्हणाले, चेडूं दितलें."

पंचेचाळिशीत चेडूं, म्हणजे पोरगी, म्हणवून घेण्याचे काही पैसे मी समजू शकते. पण बनसकट? गल्ल्यावरच्या माणसाला सांगून पाहिलं की ते माझे कुणी नव्हेत. तो म्हणाला, "मग वहीवर सही कशी केली?" भजीवाले आता उघड हसत होते. मी पैसे दिले.

गिरीला उतरून घरी पोचले तेव्हा साडेआठ वाजले होते. नवऱ्याला सगळं सांगितलं, वही दाखवली. त्याने ती दोनदा वरपासून खालपर्यंत वाचली आणि तोंड पाडलं.

"ह्यात माझं नाव कुठेच नाही."

"पुढच्या महिन्यात बघू," मी म्हटलं. "पेज गॅसवर आहे. खारं डब्यात आहे. डबा कुठे आहे, तो शोध."

त्याने आधी फ्रिज उघडला.