मुलांना विज्ञानाची गोडी लागतेय? वेळीच आवर घाला

हल्ली जो उठतो तो म्हणतो, मुलांना विज्ञानात इंटरेस्टच नाही. असं म्हणणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार, कारण त्यांनी मूल नीट बघितलेलंच नाहीये. पाच वर्षांचं पोरगं दिवसभर डोकं खात असतं, चंद्र आपल्या मागे मागे का येतो, पाणी ओलं का असतं, मुंगी इतक्या उंचावरून पडली तरी तिला लागत का नाही. इंटरेस्ट तर ते घरूनच घेऊन येतं हो. तो घालवायला चांगली आठ-दहा वर्षं मेहनत लागते, बऱ्याच लोकांनी मिळून करावी लागते, आणि तरी काही चिवट मुलांचा जाता जात नाही. अशा केसेससाठी हे चार अनुभवाचे बोल. सर, मॅडम, मुख्याध्यापक, पालक, सगळ्यांनी आपापल्या मापाने घ्यावेत.

आता त्या मुंगीचंच बघा. शरीर जितकं लहान तितका त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, त्यामुळे हवाच तिला अडवते आणि पडायचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. हे तुम्ही सांगितलंत रे सांगितलंत की पोरगं विचारणार, मग उंदराचं काय, मग हत्तीचं काय, मग कागद चुरगाळून टाकला तर लवकर का पडतो, आणि तुमचा पोर्शन राहिला बाजूला. म्हणून नियम असा की प्रश्न पडायच्या आत उत्तर देऊन टाकायचं. धडा उघडला की पहिली व्याख्या, ठळक अक्षरात, चौकटीत. एकक आकारमानातील वस्तुमान म्हणजे घनता. पाच वेळा लिहून आणा. परीक्षेत एखादीने "तेवढ्याच आकाराचा लोखंडाचा तुकडा लाकडापेक्षा जड भरतो" असं स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर भोपळा द्या, आणि ज्याला लोखंड बुडतं की तरंगतं ह्याच्याशी काही देणंघेणं नाही पण ज्याने "एकक" शब्द बरोबर जागी टाकलाय त्याला पैकीच्या पैकी. दोन चाचण्यांत अख्ख्या वर्गाला मेसेज पोचतो.

मुलांना आधी काय वाटतं हे तर चुकूनसुद्धा विचारू नका. उन्हाळा का येतो म्हणून विचारून बघा, निम्मा वर्ग (आणि मोठ्या माणसांतले बरेच) ठोकून देतील की पृथ्वी तेव्हा सूर्याच्या जवळ जाते म्हणून. मग तुम्हाला सांगावं लागणार की अरे पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४.७ कोटी किलोमीटर, आणि सगळ्यात लांब जुलैच्या सुरुवातीला, १५.२ कोटी. वर्गात एकदम शांतता, मग गोंधळ, मग कोणीतरी म्हणणार की जानेवारीत तर उत्तर गोलार्धात थंडी असते. झालं, तास गेला. त्यापेक्षा "अक्ष कललेला असल्यामुळे ऋतू होतात" हे फळ्यावर लिहा. मुलं उतरवून घेतील, पेपरात तेच लिहितील, आणि मनात जवळ-लांबचंच ठेवून सुखाने पास होतील. कोणाचंच काही बिघडत नाही.

आता प्रॅक्टिकल. हे खरं धोक्याचं ठिकाण, कारण इथे वस्तू स्वतः बोलतात आणि त्यांना सिलॅबस माहीत नसतो.

समजा शाळा समुद्रसपाटीपासून हजारेक मीटर उंचीवर आहे. पाणी उकळायला ठेवलंय, चंचुपात्रात बुडबुडे धो धो येतायत, आणि एक मुलगी थर्मामीटरला नाक लावून म्हणते, "मॅडम, ९७ वर थांबलाय, पुढे जातच नाहीये." इथे डगमगायचं नाही. शांतपणे म्हणायचं, "थर्मामीटर खराब आहे, १०० लिही." एका वाक्यात किती काम झालं बघा: यंत्र खोटं, पुस्तक खरं, आणि स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. नाहीतर सांगत बसा की वर गेलं की हवेचा दाब कमी होतो, दाब कमी म्हणून पाणी लवकर उकळतं, १०० हा आकडा समुद्रसपाटीच्या दाबाचा आहे. मग ती विचारणार, दाब रोज तेवढाच असतो का. नसतो! म्हणजे उद्या परत पाणी तापवा, परवा परत तापवा, सगळा धडाच त्या एका काचेच्या नळीतून बाहेर यायला लागला तर पुस्तक कशाला छापलंय?

लंबकाच्या प्रयोगाला मात्र मुलांना दोष देऊ नका, ती बिचारी आपणहूनच शिकतात. एक मीटरचा लंबक एका पूर्ण दोलनाला साधारण २ सेकंद घेतो, म्हणजे २० दोलनांना ४० सेकंद. एखाद्या ग्रुपला ४१ आले तर गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी ९.४ च्या आसपास येतं. हुशार मुलं लगेच मागच्या बाकावरून शेजारच्या ग्रुपचं जर्नल मागवतात, ४१ चं ४०.१ करतात, आणि पाचही रीडिंग अशी सुंदर जुळवतात की बघत राहावं. धागा कुठपासून कुठपर्यंत मोजला, गोळ्याच्या मध्यापर्यंत की नुसत्या हुकापर्यंत, वॉच दाबणारा झोपला होता का, असले भलते प्रश्न मग उरतच नाहीत. सही घ्या, पुढचा प्रयोग.

आणि न जुळणारा आकडा जपून ठेवला की काय होतं ते लॉर्ड रॅले ह्यांना विचारा. हवेतून काढलेला नायट्रोजन आणि रसायनांपासून बनवलेला नायट्रोजन ह्यांची घनता मोजत होते, हवेतला जवळपास अर्धा टक्का जड भरायला लागला. अर्धा टक्का फक्त! आपल्या कुठल्याही शाळेत सरांनी हसून सोडून दिलं असतं. हा माणूस त्याच्या मागेच लागला, परत परत मोजलं, आणि १८९४ मध्ये विल्यम रॅम्झींबरोबर त्यातून चक्क एक नवीन मूलद्रव्य निघालं, आरगॉन. तोवर सगळं जग जो वायू श्वासाबरोबर आत-बाहेर करत होतं, हवेचा जवळपास एक टक्का, तो कोणाच्या हिशोबातच नव्हता. १९०४ ला दोघांना नोबेल, एकाला फिजिक्सचं, एकाला केमिस्ट्रीचं. इतकी उठाठेव शालेय वयात नको.

घाबरू नका, आपल्या बाजूचीही उदाहरणं आहेत. मिलिकनने तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार काढला तेव्हा हवेच्या चिकटपणाचा आकडा जरा चुकीचा धरला गेला, त्यामुळे उत्तर थोडं कमी आलं. रिचर्ड फाइनमनने १९७४ च्या एका भाषणात टोमणा मारला होता की नंतरच्या लोकांची उत्तरं एकदम बरोबर आकड्यावर न जाता हळूहळू सरकत गेली, कारण उत्तर फार वेगळं आलं की लोक चूक शोधायचे आणि जवळपास आलं की शोधायचेच नाहीत. म्हणजे मोठमोठ्या लॅबमध्येही जर्नल पूर्ण करायची आपलीच पद्धत चालते की.

मेणबत्तीचा प्रयोग अवश्य करून दाखवा, पण एकच मेणबत्ती द्या, हे फार महत्त्वाचं. ताटलीत पाणी, मधे मेणबत्ती, वर ग्लास उपडा. मेणबत्ती विझते, पाणी वर चढतं, आणि आपण म्हणायचं, "बघा, एक पंचमांश ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली." किती छान जुळतं! खरं तर ज्योत विझते तेव्हा आत बराचसा ऑक्सिजन शिल्लक असतो, आणि पाणी जास्त करून चढतं ते ज्योतीने तापलेली हवा गार होऊन आकसते म्हणून. नीट बघितलं तर ते चढतंही ज्योत मिणमिणायला लागल्यावर आणि विझल्यावर, एकदम भसकन. आता एखाद्या पोराने तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी आणखी वर जातं, ग्लास तोच, आतली हवा साधारण तेवढीच, मग ऑक्सिजन वाढला कुठून? ह्याला तुमच्याकडे उत्तर नसणार, म्हणून एकच. मायकेल फॅरेडेने १८६०-६१ च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती म्हणे. सहा! आपल्या पोर्शनमध्ये मेणबत्तीला पाच मिनिटं आहेत, त्यात हजेरी पण घ्यायचीय.

इथे एक मात्र प्रामाणिकपणे सांगतो, एका वर्गात साठ मुलं, पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, एक काचेची वस्तू फुटली की पैसे कोण भरणार ही चौकशी, आणि वर दहा रजिस्टरं, अशात कोणी सर प्रयोग करत असतील तर त्यांना हात जोडावेत. त्यांना वठणीवर आणायचं काम वरच्या लोकांचं. लॅबचं उद्घाटन जोरात करा, फोटो काढा, मायक्रोस्कोपचं प्लॅस्टिक काढू नका, कपाटाची चावी अशा माणसाकडे द्या जो नेमका प्रॅक्टिकलच्या दिवशी रजेवर असतो. स्मार्टबोर्ड आला असेल तर सोन्याहून पिवळं, प्रयोगाचा व्हिडिओच लावा. व्हिडिओत पाणी नेहमी १०० ला उकळतं.

राहिलं विज्ञान प्रदर्शन. ते पालकांवर सोडा, त्यांचा हात बसलेला असतो. खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी ठेवा, त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या फेसाचा आणि खडक वितळण्याचा काय संबंध हे परीक्षकही विचारत नाहीत. सूर्यमाला थर्माकोलचीच हवी, सगळे ग्रह एका रांगेत, वीत-वीतभर अंतरावर. चुकूनही मुलांना मैदानात नेऊन मापात मांडायला लावू नका. सूर्य एक मीटरचा धरला तर पृथ्वी जेमतेम ९ मिलिमीटरची आणि ती ठेवायची १०७ मीटर लांब, नेपच्यून तर शाळेच्या गेटबाहेर, तीन किलोमीटरच्याही पुढे. मधे सगळं रिकामं. असलं चालत जाऊन बघितलेलं पोरगं पुन्हा पुस्तकातल्या चित्राकडे सरळ नजरेने बघत नाही.

एवढं सगळं केल्यावर नव्वद टक्के काम होतं, आकडा माझा अंदाजाचा, पडताळू नका. तरी एखादी निघतेच, तास संपल्यावर थांबून म्हणते, "मॅडम, तो थर्मामीटर परत एकदा बघू?" तिला ओरडू नका, ओरडलं की अशी मुलं जास्त पेटतात. उलट कौतुक करा, चुणचुणीत आहेस म्हणा, आणि प्रदर्शनाच्या दिवशी पाहुण्यांच्या स्वागताला उभी करा.