जुना वॉकमन आणि 'तसला आवाज'

सध्या एक मजकूर वरचेवर फिरतोय: 'ऐंशीच्या दशकातल्या वॉकमनसारखा आवाज आजचं कुठलंच यंत्र देत नाही. ॲनालॉगमध्ये गाणं अख्खं असतं, डिजिटलमध्ये त्याचे तुकडे होतात. यंत्रं दणकट होती, सेल घाला की आजही वाजतात. आणि मॉडेल जितकं जुनं, तितकं सरस.' मी स्वतः कॅसेटवेडा. जुने प्लेअर उघडून हात काळे करून घेतलेत, म्हणूनच हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी 'अख्खं गाणं'. कॅसेटची फीत 3.81 मिलिमीटर रुंद. तेवढ्यात दोन्ही बाजूंचे मिळून चार ट्रॅक, आणि वेग सेकंदाला जेमतेम 4.76 सेंटिमीटर. साध्या फेरिक (लोहाच्या ऑक्साइडचा लेप असलेल्या) फितीवर डॉल्बीविना, म्हणजे खरखर कमी करणाऱ्या यंत्रणेविना, गाणं आणि खरखर यांतलं अंतर 50 डेसिबलच्या आसपास असतं. सीडीत ते 96 च्या घरात जातं. तुकड्यांचं म्हणाल, तर सेकंदाला 44,100 नमुने घेतले की 20 किलोहर्ट्झपर्यंतची लहर पुन्हा सलग उभी राहते, मध्ये भोकं उरत नाहीत. भोकं पडतात ती फितीला: वरचा चुंबकीय लेप कुठे खरवडला की आवाज क्षणभर बसतो. गंमत म्हणजे नंतरच्या काळातल्या कितीतरी विकतच्या कॅसेट डिजिटल मास्टरवरूनच, म्हणजे डिजिटल मूळ प्रतीवरूनच, निघाल्या होत्या.

मग ती प्रसिद्ध 'ऊब'? थोडी खरी आहे. जोरात ध्वनिमुद्रण केलं की फीत आवाजाची टोकं हळूच दाबते, आणि ते कानाला गोड लागतं. पण बऱ्याचदा ऊब म्हणजे निव्वळ हरवलेला वरचा पट्टा. हेडमधली, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागातली, बारीक फट फितीशी काटकोनात लागते. ती किंचित कलली, तरी झांजांची चमक आणि शब्दांतला 'स' आधी जातो. माझ्या एका प्लेअरची ऊब हेडजवळचा स्क्रू पाव फेरा फिरवल्यावर नाहीशी झाली! डॉल्बी बी (डॉल्बीचा एक प्रकार) वापरून भरलेली कॅसेट डॉल्बी नसलेल्या प्लेअरवर लावली की उलट होतं: आवाज तीक्ष्ण होतो आणि सळसळ वाढते. दोन्ही परींनी मूळ गाणं हे नव्हे. आवडत असेल तर जरूर ऐका, फक्त त्याला अचूकता म्हणू नका.

'दणकट' हे तर अर्धसत्यही नाही. रबरी बेल्ट सैलावतात, काही वितळून डांबरासारखे चिकटतात. फीत पुढे ओढणारा रबरी पिंच रोलर कडक होतो, सर्किटमधले कपॅसिटर गळतात. सोनीच्या नावाजलेल्या डीडी मालिकेत बेल्टऐवजी मोटर थेट चकती फिरवते, पण आतलं प्लास्टिकचं मधलं गिअर वयानं तडकतं आणि टक्-टक् सुरू होते.

'जितकं जुनं, तितकं सरस' हे वाक्य तर पहिल्याच वॉकमनपाशी अडखळतं. 1 जुलै 1979 ला 33,000 येनला विक्रीला आलेला टीपीएस-एल2 म्हणजे सोनीच्याच 'प्रेसमन' या छोट्या रेकॉर्डरमधून ध्वनिमुद्रण काढून स्टीरिओ घातलेलं यंत्र. डॉल्बी नाही. त्याचं मोठेपण चालता चालता स्टीरिओ ऐकवण्यात होतं. आवाजासाठी नाव काढावं असा डब्ल्यूएम-डी6सी आला 1984 साली. क्वार्ट्झ स्फटिकानं स्थिर राखलेला वेग, डॉल्बी बी आणि सी, ध्वनिमुद्रणाची सोय. पण तो चार सेल खाणारा ठोकळा, खिशात मावणं कठीण. त्या एकट्याची कीर्ती स्वस्तातल्या शेकडो डब्यांना आपोआप चिकटली आहे.

एक गोष्ट मात्र मान्य. तुलना आजच्या नव्या कॅसेट प्लेअरशी असेल, तर नीट दुरुस्त केलेला जुना चांगला प्लेअर सहसा बाजी मारतो. बहुतेक नव्या प्लेअरांत स्वस्त, साच्यातली यंत्रणा असते आणि डॉल्बी नसतंच. पण या वाक्यात 'नीट दुरुस्त केलेला' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. विकणारा 'चालू स्थितीत' म्हणतो, त्याचा अर्थ चाकं फिरतात एवढाच असू शकतो. त्याच्याकडून ढणढणत्या तालाचं गाणं ऐकून घेऊ नका, त्यात सगळं झाकलं जातं. पियानोची कॅसेट लावायला सांगा आणि लांबवलेला एकच सूर ऐका. तो डोलत असेल, तर वेग धड नाही.